मागचे कॅलिपर निवडताना: जुन्या स्पोर्ट्स कारची एक ऑर्डर आणि कोटेशनआधीचा अभ्यास



जुन्या गाड्यांच्या कामात पैसा आहे का, हा प्रश्न आता प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. आहे, नक्की आहे. पण तो बाहेरून चकचकीत दिसतो तेवढा सरळ नाही, आणि जिथे पैसा जास्त तिथे जबाबदारीही जास्त. म्हणून आज मी एकच ऑर्डर घेतो आणि तिची पार साल काढतो. गिऱ्हाईक म्हणतंय, "माझ्या जुन्या दोन सीटर स्पोर्ट्स कारला मागेपण डिस्क ब्रेक पाहिजेत. कॅलिपर कुठले लावू?" व्हिडिओत हे आपण पंधरा मिनिटांत उरकलं होतं. इथे जरा आकडे मांडून बसू.

गाडी धरू एमजीबी. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला 1962 ते 1980 या काळात बनली आणि पाच लाखांच्या वर निघाली. त्यामुळे तिचे पार्ट आजही नवे बनतात. पुढे डिस्क, मागे ड्रम. आपल्याकडे अशा गाड्या मोजक्याच, हे मला माहीत आहे. तुमच्या दारात बहुतेक वेळा पद्मिनी येईल, नाहीतर एखाद्या काकांनी जिवापाड जपलेली डुक्कर फियाट. पद्मिनीला तर चारही चाकांना ड्रमच. पण विचार करायची पद्धत तीच राहते, म्हणून पुढे वाचा.

मी बीबीए केलंय, इंजिनिअर नाही. दुकान नाना पेठेत, स्पेअर पार्टचं. ब्रेकबद्दल मला जे कळतं ते फिटरच्या शेजारी बसून, व्हर्नियर हातात घेऊन कळलेलं आहे. हे मुद्दाम सांगतोय. "आमची लाइन टेक्निकल नाही" ही सबब खूप जण देतात. जो माल विकायचा तो किती मिलिमीटरचा आहे, हे माहीत करून घ्यायला डिग्री लागत नाही.

आधी "का" विचारा

गिऱ्हाईक मागच्या कॅलिपरचं नाव काढतं तेव्हा त्याच्या मनात काय असतं? बऱ्याचदा अलॉय व्हीलमधून दिसणारा ड्रम त्याला खटकत असतो. कधी मित्राने लावलेले असतात. आणि कधी खरोखर तक्रार असते, की घाट उतरताना पेडल खाली जातं, गाडी एका बाजूला ओढते. या तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. तिसऱ्या गिऱ्हाइकाला तर बहुतेक वेळा कॅलिपर लागतच नाहीत.

कसं ते बघा. समजा गाडी 950 किलोची आहे आणि वजन पुढे-मागे निम्मं निम्मं. म्हणजे प्रत्येक ॲक्सलवर 475 किलो. जोरात ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालते, म्हणजे वजन पुढे सरकतं. किती? ब्रेकचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या 0.7 पट, गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि दोन चाकांमधलं अंतर 2.3 मीटर धरलं, तर 0.7 गुणिले 0.5 भागिले 2.3. येतात 15 टक्के. 950 चे 15 टक्के म्हणजे जवळपास 145 किलो. आता पुढे 620 आणि मागे फक्त 330 किलो. गाडी थांबवायचं दोन तृतीयांश काम पुढची चाकं करतात. तुम्ही मागे कितीही भारी कॅलिपर लावा, त्या 330 किलोंना जमिनीवर जेवढी पकड मिळते त्याच्यापुढे तो जाऊ शकत नाही. पुढे गेला की चाक लॉक होतं.

आणि मागचं चाक आधी लॉक होणं ही या सगळ्या कामातली सर्वांत वाईट गोष्ट आहे. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी वळत नाही, सरळ घसरत जाते. वाईटच, पण निदान सरळ जाते. मागची आधी लॉक झाली तर शेपूट फिरतं आणि गाडी आडवी. पावसाळ्यात ताम्हिणीत असं झालं तर काय, हे मी वेगळं लिहायला नको. म्हणून "मागे मोठे लावा, ब्रेक मस्त लागेल" असं सांगणाऱ्या दुकानापासून लांब राहा, आणि स्वतः ते दुकान होऊ नका.

मग डिस्कचा फायदा कशात? उष्णता आणि पाणी. ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो, पेडलची चाल वाढते. डिस्क उघडी असते, वारा लागतो, पाणी झटकलं जातं. जग्वारने 1953 मध्ये ला मॉंची 24 तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या जोरावर जिंकली ती याच गुणामुळे. प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम तापून थकत होते आणि हे वळणाच्या अगदी जवळ जाऊन ब्रेक मारत होते. पण रविवारी सकाळी सिंहगडावर भजी खायला जाणारी गाडी म्हणजे ला मॉं नव्हे.

त्यामुळे पहिलं कोटेशन मी जुन्या ब्रेकच्या पूर्ण दुरुस्तीचं देतो. व्हील सिलेंडरची रबरं, नवे लायनर, ड्रम लेथवर साफ करून घेणं, तिन्ही लवचीक होज, आणि सगळं ब्रेक ऑइल नवीन. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो किंवा मॅन्युअलमध्ये असतो, त्याच्या पुढे गेलेला ड्रम परत लावायचा नाही. ऑइलचं तर विचारूच नका. डॉट 4 ऑइल नवं असताना 230 अंशांना उकळतं, आणि पाणी शोषलेलं ऑइल 155 च्या आसपास. जुन्या गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात आणि ऑइल हवेतला दमटपणा पीत बसतं. घाटात पेडल खाली जाण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. हे काम केलं आणि गिऱ्हाईक समाधानाने गेलं, तर मोठी ऑर्डर गेली म्हणून हळहळू नका. ते परत येतं, आणि येताना क्लबातली दोन माणसं घेऊन येतं.

तरीही लावायचेच असतील तर: पहिलं हँडब्रेक

आता धरू की गिऱ्हाइकाला खरंच पाहिजेत. गाडी ट्रॅकवर न्यायची आहे, इंजिन वाढवलंय, पुढचे ब्रेक आधीच मोठे केलेत. ठीक. निवड कुठून सुरू करायची? नव्वद टक्के लोक पिस्टनच्या संख्येपासून आणि कॅलिपरच्या रंगापासून करतात. मी हँडब्रेकपासून करतो.

ड्रम काढला की त्याच्याबरोबर हँडब्रेकपण जातो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 96 व्या नियमाप्रमाणे गाडीला पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक अशा दोन स्वतंत्र यंत्रणा लागतात. म्हणजे हा शोभेचा प्रश्न नाही. इथे तीन रस्ते आहेत. एक, कॅलिपरच्याच आत स्क्रूची यंत्रणा असते आणि केबल ओढली की पिस्टन पुढे येतो. दोन, डिस्कच्या मधल्या टोपीत छोटा ड्रम असतो. तीन, मुख्य कॅलिपर वेगळा आणि हँडब्रेकचा छोटा यांत्रिक कॅलिपर वेगळा. 1961 च्या जग्वार ई-टाइपला हा तिसरा प्रकार होता, तोही डिफरन्शियलला चिकटून आत, जिथे हात घालताना मेकॅनिकला सगळे देव आठवतात.

आपल्या कामाला पहिला प्रकार बरा, कारण अशा कॅलिपरच्या गाड्या आपल्याकडे बनल्यात. औरंगाबादला 2001 पासून बनलेली ऑक्टाव्हिया घ्या, मागे डिस्क आणि केबलचा हँडब्रेक. म्हणजे पॅड, रबर किट, केबल सगळं इथल्या बाजारात मिळणारं. दुसऱ्या गाडीचा कॅलिपर वापरायचा असेल तर माझा पहिला नियम हाच: आणखी पाच वर्षांनी त्याचा पॅड नाना पेठेत काउंटरवर मागितला तर मिळेल का? परदेशातून मागवलेला सुंदर अल्युमिनियमचा कॅलिपर आणि त्याच्या पॅडसाठी सहा आठवडे थांबणारं गिऱ्हाईक, हे दुखणं मी ओढवून घेत नाही.

स्क्रूवाल्या कॅलिपरबद्दल फिटरला एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. पॅड बदलताना त्याचा पिस्टन दाबून आत घालायचा नसतो, फिरवत घालायचा असतो. त्याचं टूल मिळतं. शिकंजा लावून दाबला की आतली यंत्रणा गेली. टूल विकत घ्या आणि त्याचा खर्च पहिल्या दोन-तीन कामांवर वाटून टाका.

आणि हो, बाइकचे कॅलिपर. चाकणला ब्रेम्बोचा कारखाना आहे, तिथून बायब्रे नावाचे कॅलिपर बाइकवर जातात. केटीएममुळे ते नाव पोराटोरांना पाठ आहे. "तेच लावू की मागे, छोटे आहेत, दिसतात भारी" असं म्हणणारं गिऱ्हाईक दर दोन महिन्यांनी येतं. माल उत्तमच आहे, प्रश्न मालाचा नाही. तो बाइकच्या वजनासाठी बनलाय, त्याला हँडब्रेक नाही आणि बाइकच्या मास्टर सिलेंडरच्या हिशोबाने त्याचं सगळं गणित आहे. इथे सरळ नाही म्हणायचं.

पिस्टनचं गणित

आता व्हर्नियर काढा. कॅलिपरचा जोर पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतो, व्यासावर नाही. व्यासाचा वर्ग, गुणिले 0.785. 36 मिमीचा पिस्टन म्हणजे सुमारे 1018 चौरस मिमी. 43 मिमीचा म्हणजे 1452. व्यासात फरक फक्त 7 मिमी, डोळ्याला कळतही नाही, पण जोरात फरक 43 टक्क्यांचा! दुकानदार "थोडासाच मोठा आहे" म्हणतो तेव्हा हे लक्षात असू द्या.

अजून एक घोळ मी पुष्कळदा बघतो. दोन पिस्टनचा समोरासमोरचा कॅलिपर आणि एका पिस्टनचा सरकता कॅलिपर यांची तुलना करताना लोक पिस्टन मोजतात आणि म्हणतात, हा दुप्पट. नाही. सरकत्या कॅलिपरमध्ये एक पिस्टन एका बाजूने दाबतो आणि कॅलिपरचं शरीर स्वतः सरकून दुसऱ्या बाजूने दाबतं. म्हणून तुलना करताना दोन्हींत एकाच बाजूचे पिस्टन धरायचे. मग पुढच्या कॅलिपरचं क्षेत्रफळ आणि पुढच्या डिस्कचा व्यास, मागच्याचं क्षेत्रफळ आणि मागच्या डिस्कचा व्यास, असं शेजारी शेजारी लिहून मागचा भाग एकूण किती येतो ते बघायचं. पॅडचं मटेरियल पुढे-मागे एकसारखं असेल तर हे गणित बरंच खरं उतरतं.

हिशोब जुळला तरी ड्रम आणि डिस्क यांच्या स्वभावात फरक राहतोच. ड्रममध्ये पुढचा लायनर फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःच घट्ट होतो, फुकटचा जोर मिळतो. डिस्कमध्ये फुकट काही नाही, सगळा जोर पायाने किंवा बूस्टरने द्यायचा. म्हणून बूस्टर नसलेल्या गाडीला डिस्क लावली की "ब्रेक कडक झाला" ही तक्रार येतेच. ती आधीच तोंडी नव्हे, कोटेशनमध्ये लिहून सांगा. मागच्या लाइनवर दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह लावावा असं माझं मत आहे, पण तो चुकीच्या कॅलिपरवरचा उपाय नाही. बारीक जुळवणीसाठी आहे.

आणि एक छोटी गोष्ट, जी सुटली की आख्खं काम फसतं. काही गाड्यांत ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, बहुतेक वेळा मास्टर सिलेंडरच्या तोंडाशीच. साधारण 10 पीएसआय. ड्रमला तो लागतो, कारण स्प्रिंग लायनरला मागे ओढतात. डिस्कला असा स्प्रिंग नसतो. तो व्हॉल्व्ह तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात, डिस्क तापते, आणि गिऱ्हाईक वारज्यापर्यंत पोचेपर्यंत फोन येतो की चाकातून वास येतोय.

ब्रॅकेट, भोसरी आणि दोन मिलिमीटर

कॅलिपर ॲक्सलवर धरायला ब्रॅकेट लागतो. तयार किट असेल तर त्यात येतो. नसेल तर भोसरीत जॉबवर्क. इथे पुण्याचं नशीब चांगलं आहे, एकेका गल्लीत लेझर कटिंग, सीएनसी, झिंक प्लेटिंग सगळं. पण ड्रॉइंग तुम्ही द्यायचं. "हा जुना तुकडा बघून बनवा" असं म्हणालात की तुकडा जितका वाकडा तितका नवाही वाकडा. आधी पुठ्ठ्याचा, मग पातळ पत्र्याचा नमुना करून चाक बसवून, हाताने फिरवून बघा. रिम आणि कॅलिपर यांच्यात जागा किती राहते? जुन्या गाड्यांची चाकं 13, 14 इंची, आजच्या कॅलिपरला ती घट्ट पडतात. कॅलिपर आधी घेतला आणि मग चाक बसेना, म्हणून नवीन अलॉय घ्यावे लागले असे किस्से बाजारात भरपूर आहेत.

डिस्क हबवर मधोमध बसली पाहिजे, नुसती बोल्टच्या भरवशावर नाही. बसवल्यावर डायल गेज लावून ती डगमगते का पाहायचं. माझा फिटर 0.1 मिमीच्या वर गेली की काढायला लावतो, मग बाहेर गिऱ्हाईक उभं असलं तरी. बोल्ट 10.9 ग्रेडचे, बिलासकट. कॅलिपरचा हवा काढायचा निप्पल वरच्या बाजूला आला पाहिजे. डावा-उजवा उलटा लागला तर निप्पल खाली येतो, हवा वर अडकते आणि दिवसभर ब्लीडिंग केलं तरी पेडल स्पंजसारखंच. ऐकायला बाळबोध वाटतं. होतं मात्र सर्रास.

जुन्या बाजारात, रविवारी नाहीतर बुधवारी, वापरलेले कॅलिपर स्वस्तात मिळतात. नमुना म्हणून, मापं घ्यायला, जरूर घ्या. मी पण घेतो. गाडीवर लावायला नाही.

कायदा: हा भाग चाळू नका

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरच्या तपशिलांत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करायचा नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेलं 182अ कलम दुकानदाराने तर पाठच करावं. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि सरकारने सुरक्षेसाठी महत्त्वाचा म्हणून जाहीर केलेला पार्ट प्रमाणात नसताना विकणाऱ्याला प्रत्येक पार्टमागे 1 लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे कारखान्याला नाही, विकणाऱ्याला आहे. म्हणजे आपल्याला. त्यात 2019 च्याच ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाची जबाबदारी बनवणारा, विकणारा आणि सेवा देणारा या तिघांवर येऊ शकते. म्हणून पक्क्या बिलाशिवाय ब्रेकचा माल घ्यायचा नाही, विकायचा नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीचे सुटे भाग सरसकट 18 टक्के जीएसटीत आलेत, तेव्हा "28 वाचतील, बिल नको" ही जुनी टेपही आता बंद करा.

जुन्या गाडीवाल्याला अजून एक प्रश्न विचारायचा. व्हिंटेज नोंदणी करायची आहे का? जुलै 2021 मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरची, मूळ स्वरूपात जपलेली, मोठे फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. 20,000 रुपये फी, मुदत 10 वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं. रोजच्या वापराला आणि धंद्याला मात्र ती चालत नाही. 1970 ची एमजीबी या वयात बसते. पण मागे नवीन डिस्क लावल्यावर "मूळ स्वरूप" उरतं का, यावर वाद होऊ शकतो. असं गिऱ्हाईक असेल तर मी सरळ सांगतो, आधी नोंदणीचं ठरवा, मग ब्रेकचं. आणि ज्याला लावायचेच आहेत त्याच्या ॲक्सलवर ना कटिंग ना वेल्डिंग, सगळं बोल्टने. काढलेले ड्रम, बॅकप्लेट, लायनर तेल लावून, चिठ्ठी चिकटवून खोक्यात भरून मालकाच्या ताब्यात. तो खोका गाडीची किंमत टिकवतो.

कोटेशन

आता तुमच्या-माझ्या पोटाचा विषय. समजा कॅलिपरची जोडी 14,000, डिस्क 9,000, ब्रॅकेट आणि जॉबवर्क 7,000, केबल-पाइप-होज 6,000, ऑइल-बोल्ट-किरकोळ 2,000. झाले 38,000. नवीन माणूस यावर 20 टक्के लावतो आणि 45,600 सांगून मोकळा होतो. वरून खूश, की 7,600 सुटले.

पण फिटरचे चार दिवस, 1,500 ने 6,000. आणि गाडी तुमच्या जागेत किती दिवस उभी? काम चार दिवसांचं असतं, पण ब्रॅकेट प्लेटिंगला जातो, केबल एक इंच लांब निघते, परत जाते. नऊ दिवस धरा. जागेचा, लाइटचा, पोराच्या पगाराचा खर्च दिवसाला 1,000 धरला तर 9,000. एकूण खर्च 53,000. म्हणजे 45,600 ला काम घेऊन तुम्ही 7,400 रुपये खिशातून घातले, वर ब्रेकची जबाबदारी फुकट. आकडे माझे समजुतीचे आहेत, तुमचे तुम्ही घाला, पण उभ्या गाडीचे दिवस घालायला विसरू नका. जुन्या गाडीच्या कामात नफा तिथेच गळतो.

माझी पद्धत अशी. तपासणी आणि मोजमापाचे पैसे वेगळे आणि आधी, काम दिलं नाही तरी परत नाही. मालाचे पूर्ण पैसे ॲडव्हान्स, कारण अशा जोडणीचा माल दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. उधारी नाही. ओळखीतली तर अजिबात नाही. आणि जॉबकार्डवर अस्सल पुणेरी बाण्यात एक ओळ छापलेली: चाचणी झाल्याशिवाय गाडी मिळणार नाही, घाई असल्यास दुसरीकडे जावे.

चाचणी म्हणजे काय तेही लिहून ठेवलंय. हँडब्रेक ओढून गाडी चढावर उभी राहते का, तोंड वर करून आणि तोंड खाली करूनही. मग मोकळ्या, कोरड्या, सरळ जागेत 30 च्या वेगाने, मग 50 ने, जोरात ब्रेक. आधी कुठली चाकं लॉक होतात ते बाहेर उभ्या माणसाने बघायचं, ड्रायव्हरने सांगायचं नाही. मागची आधी झाली तर दाबाचा व्हॉल्व्ह आवळायचा आणि पुन्हा. नंतर दहा किलोमीटर फिरवून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघायचं, एखादं जास्त तापलंय का. बोल्टवर रंगाची रेघ ओढायची, म्हणजे सैल झाला की नजरेला दिसतो. 500 किलोमीटरला गाडी परत बोलवायची, तेव्हा बोल्ट, होज, केबलचा ताण आणि पॅडची झीज बघून मापं त्याच जॉबकार्डवर लिहायची, आणि मालकाची सही घेऊन एक प्रत त्याला, एक आपल्या फाइलला.